उत्तरवयातील बलोपासना

गेल्या वैशाखात एका स्नेह्यांच्या नातवाच्या मुंजीस जाण्याचा योग आला. टेबलखुर्च्यांच्या या दिवसांत यजमानांनी हौसेने पाट मांडून, रांगोळ्या घालून पंगत केली होती. जेवण यथास्थित झाले आणि उठावयाची वेळ आली. शेजारच्या पाटावरील दहाबारा वर्षांची मुलगी भुईस हात न लावता उभी राहून चालूही लागली. आम्ही प्रथम डावा हात टेकला, मग उजवा गुडघा टेकला, आणि त्या चतुष्पाद अवस्थेत पुढे काय करावे याचा विचार करीत क्षणभर तसेच राहिलो. वाढप्यांत आमचाच एक जुना विद्यार्थी होता. तो धावत आला आणि म्हणाला, "सर, हात द्या." आम्ही हात दिला व उभे राहिलो. कोणी हसले नाही. बहुधा कोणाच्या लक्षातही आले नसेल. परंतु घरी येईपर्यंत ती गोष्ट आमच्या मनातून गेली नाही.

आम्हांस वाटली ती लाज होती यात शंका नाही. पण ती कशाची? केस पांढरे झाले म्हणून आम्ही लाजत नाही, आणि चष्म्यावाचून वाचता येत नाही हे तर वर्गात मोठ्याने सांगतो. मग गुडघ्यांनी दगा दिला म्हणून मान खाली का जावी? पन्नाशी उलटलेल्या माणसाने आपले हातपाय धड राखावेत हा केवळ वैद्याचा सल्ला आहे, की त्यात कर्तव्याचाही काही अंश आहे? आणि कर्तव्य असेल तर ते कोणाविषयीचे? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी हा लेखप्रपंच आहे.

महाराष्ट्रास बलोपासना शिकवावी लागत नाही अशी आपली समजूत आहे. समर्थांनी गावोगाव मारुती बसविले, पेठापेठांतून तालमी निघाल्या, बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब ऊर्जितावस्थेस आणला, आणि टिळकांनी कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यासापेक्षा शरीर कमावण्यात घालविले ही कथा तर प्रत्येक शाळकरी मुलास पाठ असते. परंतु या साऱ्या परंपरेकडे नीट पाहिले तर ती तरुणांची परंपरा आहे. तालमीत वस्ताद म्हातारा चालतो. पण त्याने हौद्याच्या कडेला बसावे आणि डाव सांगावे. विवाह झाला, नोकरी लागली, की लंगोट खुंटीस लागतो आणि बलोपासनेचे पर्यवसान शनिवारी मारुतीस तेल वाहण्यात होते. आमचे स्वतःचे तसेच झाले.

खुद्द मारुतीची म्हातारपणीची एक कथा मात्र आपण विसरतो. वनपर्वात सौगंधिक कमळे आणावयास निघालेल्या भीमास वाटेत एक जरठ वानर आडवा पडलेला आढळतो. वार्धक्यामुळे आपणास उठवत नाही, तेव्हा शेपूट बाजूस सारून पुढे जा, असे तो सांगतो. आणि भीमास ते शेपूट हलविता येत नाही. कीर्तनकार या कथेतून भीमाचे गर्वहरण दाखवितात व ते योग्यच आहे. परंतु वृद्ध म्हटला म्हणजे तो वाटेत पडलेलाच असावयाचा, ही भीमाची समजूत त्या वानराने जशी खोटी पाडली तशी आपली कोण पाडणार, असे ती कथा ऐकताना आमच्या मनात येते.

या बाबतीत प्राचीनांचेही एकमत नाही. वाग्भटाने अष्टांगहृदयात व्यायामाची थोरवी गाऊन लगेच तो कोणी वर्ज्य करावा हे सांगितले आहे, आणि त्या यादीत बालकाबरोबर वृद्धासही बसविले आहे. उलट सुश्रुताच्या मते जो व्यायाम करतो त्याच्यावर जरा एकाएकी चाल करून येत नाही. तिकडे ग्रीसमध्ये प्लेटोच्या संवादात, सुरकुतलेल्या अंगाने आखाड्यात उतरणारे आणि डोळ्यांस न शोभणारे म्हातारे हा थोडासा थट्टेचा विषय झालेला दिसतो. सिसरोने इसवी सनापूर्वी ४४ साली वार्धक्यावर जो संवाद लिहिला, त्यात ८४ वर्षांच्या केटोच्या तोंडी मिलो नावाच्या मल्लाची गोष्ट घातली आहे. म्हाताऱ्या मिलोने आखाड्यात तरुण मल्लांस पाहिले, मग स्वतःच्या दंडांकडे पाहिले, आणि हे आता मेले म्हणून तो रडला. केटोस त्याची कीव येत नाही, तिटकारा येतो. कारण त्या माणसाला दंडांपलीकडे स्वतःचे असे काही नव्हतेच. तरुणपणी बैलाची किंवा हत्तीची ताकद मिळावी असे कधी वाटले नाही, तशी आता तरुणाची मिळावी असे वाटत नाही, असे तो म्हणतो. मात्र हाच केटो पुढे बेताचा व्यायाम करावयास सांगतो, आणि रोगाशी झुंजावे तसे वार्धक्याशी झुंजावे असा आग्रह धरतो. विद्यार्थिदशेत हा संवाद इंग्रजीतून वाचला तेव्हा पहिला भाग आमच्या ध्यानात राहिला व दुसरा निसटला. विशीतील वाचकाचे असेच होत असावे.

वाग्भटाच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, त्याच्या डोळ्यांसमोर दम लागेपर्यंत केलेली कुस्ती होती आणि बलवानासही तो अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावयास सांगतो. परंतु वृद्धाने तो सोडावा हे त्याचे मत आज टिकत नाही. १९९० साली अमेरिकेत बोस्टन येथील वृद्धांच्या एका शुश्रूषागृहात मारिया फियाटारोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बळ स्त्रीपुरुषांकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनी व्यायाम करवून घेतला, आणि तो हलका नव्हे, चांगला जड. त्यांपैकी नऊ जणांनी तो शेवटास नेला, आणि त्यांचे बळ सरासरीने १७४ टक्के वाढले. दोघांना तर चालताना काठीची गरज उरली नाही. तो वृत्तांत वाचताना आम्हांस आणखी एका आकड्याने थांबविले. व्यायाम बंद केल्यावर अवघ्या चार आठवड्यांत कमाल बळापैकी ३२ टक्के ओसरले. बँकेतील ठेवीप्रमाणे बळ ठेवून देता येत नाही; पाणी भरावे तसे ते रोज भरावे लागते. वयाबरोबर मांस व बळ झिजत जाण्यास १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग यांनी 'सार्कोपेनिया' असे नाव सुचविले. ते ग्रीक शब्दांवरून केलेले आहे व त्याचा सरळ अर्थ मांसदारिद्र्य असा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढील माणसांसाठी जे नियम घालून दिले, त्यांत चालण्याफिरण्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंस बळ देणारा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगितला आहे. शास्त्राचा निकाल असा बराचसा स्पष्ट आहे, आणि तो घरोघरी पोहोचलाही आहे.

तरीही माणसे व्यायाम करीत नाहीत, किंवा करतात तेव्हा भलत्याच कारणासाठी करतात. सकाळी टेकडीवर जाणाऱ्या आमच्या समवयस्कांना आम्ही त्याचे प्रयोजन विचारतो. कित्येक म्हणतात, आयुष्य वाढते. वाढत असेल, पण नुसते लांब आयुष्य हे काही श्रेय नव्हे, आणि मृत्यूच्या भयाने धावणाऱ्यास धाप लागते ती केवळ फुप्फुसांची नसते. दुसरे काही लोक तरुण दिसण्यासाठी घाम गाळतात. त्यांना मिलोच्या पंक्तीस बसवून पुढे जावे हे बरे. परंतु बहुसंख्य गृहस्थ जे उत्तर देतात ते वरकरणी फार सात्त्विक आहे: "कोणाचे ओझे होऊ नये, एवढीच इच्छा. हातपाय धड असताना जावे." हे वाक्य आम्हीही वापरले आहे. मात्र ते उच्चारणाराला आपण काय बोलत आहोत हे सहसा ठाऊक नसते, असे आम्हांस अनुभवान्ती वाटू लागले आहे, आणि तो अनुभव सांगितल्याविना गत्यंतर नाही.

आमच्या मातोश्री सत्तरीपर्यंत घरात सर्वांत आधी उठत. पाट्यावर चटणी वाटावी, परसातील फुले काढावीत, माळ्यावरचा डबा स्वतः चढून काढावा, संध्याकाळी कीर्तनास पायी जावे, असा त्यांचा क्रम. वडील गेल्यानंतर आम्ही दोघा भावांनी ठरविले की, आईने पुष्कळ केले, आता तिला विश्रांती मिळाली पाहिजे. आम्ही एक उत्तम आरामखुर्ची नेऊन दिली. पाटा-वरवंटा परसात गेला व त्या जागी विजेचे यंत्र आले. फुलांचा पुडा दारात येऊ लागला. आईने काही उचलले की आम्ही म्हणावे, "आई, तू बस." वहिनींनी म्हणावे, "आई, तुम्ही बसा हो, मी करते." येणारेजाणारे आमचे कौतुक करीत. आईस प्रथम ते आवडले नाही. मग सवय झाली. मग खुर्चीतून उठताना दोन्ही हातांवर जोर द्यावा लागू लागला, आणि ते पाहून आम्ही खुर्ची अधिक उंच करून दिली. तीन वर्षांनी त्या न्हाणीघरात पडल्या. मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली. परंतु पायांत उभे राहण्याचे बळच उरले नव्हते. त्यानंतर त्या चौदा महिने अंथरुणावर होत्या.

खुर्चीमुळेच हे घडले असे सिद्ध करता येणार नाही. वय होते, हाडे ठिसूळ झाली होती, न्हाणीघराची फरशी ओली होती. परंतु २००७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पुढे आमच्या वाचनात आला. त्यात सदुसष्टीच्या आसपासच्या निरोगी माणसांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो मांस झडले. दहा दिवसांत जर हे होते तर तीन वर्षांच्या प्रेमळ सक्तीत काय होत असेल, याचा हिशेब आम्ही मनाशी पुष्कळदा मांडला आहे. आपल्याकडे ज्येष्ठांचा आदर करावयाचा म्हणजे त्यांस आसन द्यावयाचे. आदराचा तेवढा एकच प्रकार आपणास ठाऊक आहे. उठते राहण्यास साहाय्य करणे हाही आदर आहे हे आम्हांस कोणी शिकविले नव्हते, आणि आम्ही तरी विचारले कोठे?

आता ओझ्याविषयी. त्या चौदा महिन्यांत ते ओझे प्रत्यक्ष कोणी उचलले? बंधू सकाळी कचेरीत जात ते रात्री येत. आम्ही परगावी, महिन्यातून एकदा फळे घेऊन जात असू. आईस कुशीवर वळविणे, उठवून बसविणे, भांडे देणे, पाठ पुसणे, हे सारे वहिनींनी केले. त्या वेळी त्या पन्नाशीत होत्या. एक बाई येत असे, पण रात्री नव्हे, आणि सणावारी तर नव्हेच. प्रत्येक वेळी आईने म्हणावे, "तुला किती त्रास ग माझा," आणि वहिनींनी म्हणावे, "त्रास कसला त्यात." आई गेल्यानंतर वर्षभराने वहिनींच्या कमरेचे दुखणे सुरू झाले व ते अजून आहे. ओझे होऊ नये अशी इच्छा बोलून दाखविणारे बहुधा पुरुष असतात, आणि ओझे उचलावयाचे असते ते बहुधा एखाद्या सुनेने, मुलीने, किंवा चार घरी कामे करून आलेल्या मोलकरणीने. आम्ही ज्याला शरीर म्हणतो त्याचे वजन असते, आणि पुढेमागे ते कोणाच्या तरी कमरेवर पडावयाचे असते. टेकडीवर जाणाऱ्या त्या गृहस्थांनी स्वतःच्या स्वाभिमानाचा विचार केलेला असतो. या दुसऱ्या कमरेचा केलेला नसतो.

शास्त्रकारांनी द्विजाच्या माथी जन्मतःच तीन ऋणे सांगितली: देवांचे, ऋषींचे व पितरांचे. तिन्ही ऋणांचे धनको आपल्याआधी होऊन गेलेले. आपण परावलंबी झाल्यावर जे आपणास उचलणार आहेत, त्यांचे आजच लागू होणारे ऋण कोठे नोंदलेले आम्हांस आढळत नाही. वस्तुतः ते इतरांइतकेच खरे आहे, आणि त्याचा काही भाग तरी आगाऊ फेडता येण्यासारखा आहे. पन्नाशीचा मनुष्य सकाळी खुर्ची धरून वीस वेळा उठतो-बसतो तेव्हा तो ही फेड करीत असतो, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती होईल असे आम्हांस वाटत नाही.

परंतु येथेच एक धोका आहे. बळ राखणे हे कर्तव्य म्हटले की दुर्बळ हा अपराधी ठरू लागतो. ज्यास पक्षाघात झाला, ज्याचे सांधे संधिवाताने आखडले, कंपवाताने ज्याचे पाऊल उचलत नाही, त्याच्याकडे पाहून "वेळीच व्यायाम केला असता तर" असे म्हणणारे सज्जन आम्हांस भेटले आहेत. त्यांची नाडी ठीक असेल, पण न्यायबुद्धी ठीक नाही. प्रयत्न एवढाच मनुष्याच्या हाती आहे. प्रयत्न करूनही जो अंथरुणास खिळला त्याच्यावर कसलेही देणे नाही, आणि ज्याने आळसाने प्रयत्न केला नाही त्याचीही शुश्रूषा आपण काही कमी करावयाची नसते. आमच्या मातोश्रींना सर्वांत दुःख झाले ते पायांचे नव्हे. रोज क्षमा मागावी लागल्याचे झाले. दुसऱ्याकडून सेवा घेण्यात कमीपणा नाही हे जर आम्ही तिला आधीच पटवून दिले असते, तर ते चौदा महिने तिला इतके कडू गेले नसते. म्हणून ओझे न होण्याचा अट्टहास आम्हांस संशयास्पद वाटतो. त्यात दुसऱ्याविषयीची दया थोडी आणि कोणाचे काही घ्यावे न लागण्याचा अहंकार पुष्कळ असतो. पंगतीत आम्हांस वाटलेली लाज बरीचशी या दुसऱ्या जातीची होती, हे कबूल केले पाहिजे. विद्यार्थ्याने हात दिला यात लाजण्यासारखे काय होते? वीस वर्षे आम्ही दुसरे काय करीत आलो?

आणखीही एक आक्षेप आहे व तो वजनदार आहे. व्यायामाची ही सारी चर्चा बसून पोट भरणाऱ्यांची आहे. आमच्या गल्लीत टोपली घेऊन येणारी भाजीवाली साठीची असावी. तिला तोल सांभाळण्याचा व्यायाम कोणी सांगावा? तिचे गुडघे निरुपयोगाने नव्हे, अतिउपयोगाने झिजले आहेत. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी केली, तेव्हा दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्यांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो असे आढळले. त्यावरून श्रम तेवढे सारे हितकर असा सिद्धांत काढणे सोपे आहे. पण कंडक्टरचा जिना आणि हमालाचे पोते यांत अंतर आहे. चरकाने व्यायामाच्या व्याख्येतच मात्रेची अट घातली आहे, आणि मात्रा ठरविण्याचे स्वातंत्र्य ज्यास आहे त्याच्याच श्रमास व्यायाम म्हणता येईल. त्या बाईस विसाव्याची गरज आहे व आम्हांस उठण्याची. दोघींतिघींचा विसावा आमच्यासारख्यांच्या बैठकीत अडकून पडलेला आहे की काय, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अध्यापकांकडे सोपवून आम्ही पुढे जातो. तो सुटेपर्यंत निदान आपली भाजीची पिशवी तरी आपण उचलावी.

कुमारसंभवात बटुवेषधारी शंकर पार्वतीस शरीराविषयी जे वचन ऐकवितो ते व्यायामशाळांच्या भिंतींवर रंगविलेले आपण पाहतो. ते रंगविणाऱ्यांचे लक्ष त्यातील शरीरावर असते; आमचे साधन या शब्दावर जाते. साधन म्हटले की कशाचे, हे विचारले पाहिजे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार आयुष्यभर केला. १९३८ साली सत्तरीस टेकले असता त्यांचे त्या विषयावरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघाले. त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. परंतु या प्रकरणी आमच्या डोळ्यांपुढे अधिक वेळा येतात ते धोंडो केशव कर्वे. हिंगण्याच्या माळावर आश्रम गेल्यावर ते तेथून पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात शिकवावयास पायी जात-येत. १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले तेव्हा त्यांनी अठ्ठावन्नावे वर्ष ओलांडत आणले होते. सत्तरी ओलांडल्यावर त्या विद्यापीठासाठी ते युरोप, अमेरिका, जपान व पुढे आफ्रिका फिरून आले. १९५८ साली शंभराव्या वर्षी भारतरत्न झाले आणि १९६२ साली वारले. हा मनुष्य पाय बळकट राहावेत म्हणून हिंगण्याहून चालत नव्हता. त्यास जावयाचे होते, आणि पाय त्यासाठी होते. आमच्या टेकडीवरील मित्रांच्या मनगटावर पावले मोजणारे घड्याळ असते. दहा हजार झाली की ते घरी येऊन बसतात. पुढे कोठे जावयाचे हे ते घड्याळ सांगत नाही, आणि त्याचा दोष घड्याळाचा नाही.

आम्ही स्वतः काय करतो असे वाचक विचारतील. मुंजीच्या दुसऱ्या दिवसापासून आम्ही जेवण्याचे टेबल सोडून खाली पाटावर बसू लागलो. आमच्या कुटुंबास हे खूळ वाटले, पण महिन्याभराने त्याही शेजारी पाट मांडून बसू लागल्या. वजने उचलण्यासाठी गव्हाच्या पिठाची दोन पुडकी आहेत. हात न टेकता उठणे अद्याप साधले नाही. पूर्वी हात व गुडघा दोन्ही लागत, आता हात पुरतो.

दिवाळीस बंधूंकडे गेलो होतो. वहिनींनी नुकतेच सदुसष्टावे वर्ष गाठले आहे. त्या पहाटे स्वतः दोन जिने उतरून कोपऱ्यावरून दूध आणतात. पुतण्याने दूध घरपोच करण्याचे ठरविले होते व सूनबाई म्हणत होत्या, "आई, तुम्ही बसा." वहिनींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही पुतण्यास एवढेच म्हटले की, जिन्यास दोन्ही बाजूंनी कठडा लावून घे आणि दिवा मोठा बसव. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या कापडी पिशवी घेऊन निघाल्या तेव्हा आम्ही जागे होतो. सोबत येऊ का, असे विचारावे असे फार मनात आले. आम्ही विचारले नाही. दारात उभे राहिलो. त्यांची पावले एकेका पायरीवर सावकाश वाजत होती, आणि खालच्या फाटकाची कडी वाजेपर्यंत आम्हांस आत जाववले नाही.